बोट दाखवणारं वान

माझ्या डाव्या जबड्यात जो खळगा आहे त्याच्याबद्दल मी आजवर लोकांना बरंच काही सांगितलं. कोणाला मगरीचं सांगितलं, कोणाला तांदळाच्या पडावाच्या साखळीचं. एका डॉक्टरला तर सांगितलं, की मी जन्मलो तेव्हा सुईण घाईत होती. खरं असं आहे, की त्या खळग्याच्या मुळाशी एक झाड आहे. कुंडीतलं, दीड हात उंच, आठ पानांचं. त्या झाडापायी आमच्या गल्लीत एकवीस दात पडले, दोन नाकं मोडली आणि एका माणसाच्या कानाची पाळी शेवयांच्या हंड्यात सापडली. दात मी स्वतः मोजलेत. त्यातले तीन माझे.

आमचं गाव थायलंडात, नान नदीच्या काठाला. काचांना काळी फिल्म चिकटवणं हा माझा धंदा, गाड्यांच्या आणि घरांच्या. माझ्या दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडे, वस्ताद सवेंगची तालीम. तिथे पोरं मुठी, कोपर, गुडघे आणि नडग्या घेऊन एकमेकांना तुडवायला शिकतात. तालमीच्या पश्चिमेच्या भिंतीला ओळीने पाच मोठ्या काचा. पहिल्या काचेसमोर माझं दुकान. पाचव्या काचेसमोर माझ्या मेहुण्याचं, खेमचं, बदकाच्या शेवयांचं दुकान. मधल्या तीन काचांसमोर भाताचं बंद गोदाम, त्यात फक्त घुशी.

आणि तालमीत, पाचही काचांच्या मधोमध, थोरल्या गुरूंच्या तसबिरीखाली उंच तिवईवर ते वान. वान म्हणजे मंत्राच्या कंदाचं झाड. प्रत्येकाचा गुण निराळा. वस्तादाचं वान अंगावर घाव बसू न देणारं. पानं हिरवी, त्यावर रक्ताचे शिंतोडे उडाल्यासारखे लाल ठिपके. झुंजीला निघालेला गडी त्याला पाणी घालायचा, कंदाचा कण जिभेखाली धरायचा आणि मग समोरच्याने कुऱ्हाड मारली तरी तो म्हणायचा, खाजवलंस का? वानाची जागा हलवायची नाही. कुंडीला हात लावायचा तो फक्त वस्तादाने.

त्या एप्रिलात नदीतले मासे सावलीसाठी धक्क्याखाली रांग लावत होते. वस्तादाने मला हाक मारली.

"बुनलू, सगळ्या काचांना ऐंशीची लाव. दुपारी पोरं उकडून निघतात. आणि त्या बदकवाल्याच्या माडीवर बसून कोणीतरी आमच्या हिनच्या लाथा मोजतं. बाहेरून आतलं काही दिसता कामा नये."

ऐंशीची म्हणजे सगळ्यात काळी. शंभर वाट्यांतले ऐंशी वाटे उजेड ती गिळते असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. प्रत्यक्षात नव्वदच्या वरच गिळते. माणसाचा डोळा पाच मिनिटांत सरावतो आणि म्हणतो, काय छान गार वाटतंय. झाडाला डोळे नसतात, त्यामुळे त्याला असं गंडवता येत नाही. पण हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं.

मी साबणाचं पाणी मारलं, फिल्म ताणली, रबरी पट्टीने बुडबुडे काढले. चार काचा अशा झाल्या की बाहेरून बघणाऱ्याला स्वतःचंच थोबाड दिसावं. पाचवीला फिल्म संपली. संपणारच, कारण त्याच गुंडाळीतला मोठा तुकडा मी आदल्या दिवशी माझ्या पिकअपला लावला होता. पाचव्या काचेच्या कडेला वीतभर पट्टी उघडी राहिली.

"हे काय?" वस्तादाने विचारलं.

"मुद्दाम ठेवलंय, वस्ताद. वास्तूच्या रखवालदार देवाला बाहेर बघायला फट नको? आंधळ्या घरात तो थांबत नाही."

वस्तादाने त्या फटीला हात जोडले. मीही जोडले. इतकी चांगली थाप फुकट जाऊ नये म्हणून.

पाच आठवडे गेले आणि हिन हरला. हिन म्हणजे तालमीचा हिरा, बावीस वर्षांचा, नडगी अशी की केळीचा बुंधा तीन लाथांत आडवा. त्या दिवशी समोरच्याच्या कोपराने त्याची भुवई अशी उघडली की आत हाड पांढरं दिसलं. अकरा टाके. पंधरा दिवसांनी पुन्हा उभा राहिला, तर दुसऱ्याच फेरीत बरगडीत गुडघा बसला. कडकन आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला आणि हिन तोंडातलं रक्त चटईवर सोडून झोपला.

तेव्हा वस्तादाने वानाकडे नीट पाहिलं. लाल ठिपके गेले होते. पानं फिकट, आजाऱ्याच्या जिभेसारखी. देठ लांबलचक झाले होते, आणि आठही पानं एकाच बाजूला झुकून माना ताणून बघत होती. वस्तादाने त्यांच्या रोखाने डोळा लावला. वीतभर उघडी फट. फटीतून खेमची पाटी, पाटीवर पिवळं बदक.

"वान बोट दाखवतंय," वस्ताद म्हणाला.

आता सवेंग हा न्यायी माणूस, हे सांगितलं पाहिजे. तिसेक वर्षांपूर्वी तो आणि खेम एकाच गुरूचे चेले होते, आणि सरावाच्या झुंजीत खेमने त्याचं नाक फोडलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. त्यामुळे सवेंग लगेच धावला नाही. त्याने कुंडी अर्धी फिरवली, पानं भिंतीकडे केली आणि म्हणाला, "माझ्या मनात पाप असेल तर असंच राहा." चार दिवसांत वानाने मान मोडून पुन्हा बदकाकडे तोंड केलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा देठांना सापाच्या वेटोळ्यासारखा पीळ पडला, तरी पानं बदकाकडेच. तीन साक्षी झाल्या. कोर्टातसुद्धा इतक्या मिळत नाहीत.

शनिवारी दुपारी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, आठ पैलवान खेमच्या दुकानात शिरले.

"खेमकाका," हिन म्हणाला, "आमच्या वानाचं रक्त का प्यायलास?"

"बदकाचं रक्त आहे, ते पाहिजे तर वाटीभर घे," खेम म्हणाला. "वानाचं आज केलेलं नाही."

हिनने बाक उचलला. खेमने हातातली सुरी आधी फडताळात ठेवून दिली. म्हणाला, "ही बदकांसाठी आहे, कुत्र्यांसाठी नाही." आणि रश्श्याचा डाव उचलला.

एकसष्टाव्या वर्षी तो माणूस काय लढला! पहिल्याच्या कपाळावर डाव असा बसला की डावाचं उलथनं झालं. दुसऱ्याच्या मांड्यांवर उकळता रस्सा गेला, तो किंचाळत थेट नदीत. गावात अजून म्हणतात की त्या जागेचं पाणी संध्याकाळपर्यंत वाफाळत होतं. तिसऱ्याचा गुडघा खेमने टाचेने उलट्या बाजूला वाकवला. टांगलेली बदकं त्या धामधुमीत हुकावरून सुटली आणि गल्लीभर उडाली. भाजलेली बदकं त्याआधी कोणी उडताना पाहिली नव्हती. शेवटी बाकाच्या पत्र्याच्या कडेने खेमच्या कानाची पाळी कापली जाऊन हंड्यात पडली, त्याने कानाला हात लावला, आणि तेवढ्यात हिनची नडगी त्याच्या मानेवर बसली. खेम पोत्यासारखा पडला. हाताला गुंडाळायच्या पट्ट्यांनी त्याला बांधून त्यांनी तालमीच्या खांबाला आवळला.

कोणीतरी पोलिसांचं नाव काढलं. शुद्धीवर येत येत खेमच ओरडला, "पोलीस? मी काय बायकोने बदडलेला नवरा आहे?"

वस्तादाने निवाडा सांगितला. गुरुवारी, गुरूंच्या दिवशी, वानासमोर खेमचा उजवा हात तिवईवर ठेवायचा आणि हिनने नडगीने मोडायचा. मनगटापासून बोटांपर्यंत. ज्या हाताने चोरलं तो हात गेला की वानाचं बळ परत येईल.

माझी बायको सुपिन ही खेमची धाकटी बहीण. रविवारी ती खलात मिरच्या कुटत होती, आणि बत्त्याचा प्रत्येक घाव माझ्याकडे बघून घालत होती.

"माझा भाऊ तिथे खांबाला बांधलाय, आणि तू इथे भात मागतोस?"

"मी काय करू?"

"फटीचं सांग त्यांना. फिल्म कमी पडली ते. आपल्या पिकअपला तू कुठली लावलीस ते मी पाहिलंय."

"सुपिन, खरं सांगितलं तर माझा हात मोडतील."

"तुझी जीभ मोडली असती तर जास्त बरं झालं असतं," ती म्हणाली, "पण हातावर भागवू."

गेलो. तालमीत सगळे बसले होते, अर्धे मलमपट्टीत. मी सांगून टाकलं, की वस्ताद, यात चोरी नाही, मंत्र नाही. माझी फिल्म कमी पडली. आत अंधार झाला, झाडाला उजेड लागतो, ते त्या एका फटीकडे तोंड करतंय. तिथे बदक असो की बुद्ध, त्याला काय?

मग तालीम अशी हसली की ज्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या त्यांनी त्या हातांनी धरल्या.

"काका, मागच्या वर्षी मगरीने तुमची पिकअप गिळली होती ना?"

"आणि ढेकर दिला तेव्हा हॉर्न वाजला!"

"बुनलू," वस्ताद म्हणाला, "फट रखवालदारासाठी आहे हे तूच मला सांगितलंस. माझ्यासमोर. हात जोडून."

"ती थाप होती."

"आणि ही?"

खांबापासून खेम हसला. ओठ फुटलेला होता, हसताना रक्त आलं. "पोरांनो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या बहिणीला मागणी घालताना हा म्हणाला होता की याचा स्वतःचा हत्ती आहे."

माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं थापा मारल्या, तेव्हा सगळे माना डोलवत होते. एकदा खरं बोललो तर मेहुणासुद्धा फिरला. मी म्हणालो, "मग परीक्षा घ्या! ही फट बंद करतो, दुसऱ्या काचेची फिल्म सोलतो. चार दिवसांत वान तिकडे वळलं नाही तर मला नदीत फेका."

वस्तादाने वानासमोर हात जोडले. मग म्हणाला, "ठीक. पहिल्या काचेची सोल."

पहिल्या काचेसमोर माझं दुकान.

"गोदामासमोरची सोलू का? तिकडे कोणी नाही."

"पहिली. गुरुवारी वान खेमकडे असेल तर खेमचा हात. तुझ्याकडे वळलं तर खेम सुटला, हात तुझा. वानाला गुन्हेगार माहीत आहे. ते बोट दाखवतं, आपण बघायचं."

त्याच्या डोक्यातलं गणित चुकीचं होतं, आणि उत्तर अगदी बरोबर येत होतं. गुन्हेगार मीच की! मी पात्याने पहिल्या काचेची हातभर फिल्म खरवडली, तोच तुकडा पाचव्या काचेच्या फटीवर चिकटवला, आणि घरी येऊन उताणा पडलो.

सोमवारी काही नाही. मंगळवारी जाऊन पाहिलं, तर वान झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं अर्धं वळलं होतं. मी माझा उजवा हात बघितला. फिल्म लावायला दोन हात लागतात. एकाने ताणायची, दुसऱ्याने पट्टी ओढायची. एका हाताने नुसते बुडबुडे होतात.

बुधवारी भर दुपारी मी खिशात फिल्मचा तुकडा आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन तालमीत शिरलो. पैलवान दुपारचे जेवून आडवे झालेले, घोरण्याने पत्रे थरथरत होते. पहिल्या काचेची फट झाकायची, पाचवीची सोलायची, दहा मिनिटांचं काम. एका दिवसात वान निदान गोंधळलं तरी असतं. मी पाणी मारलं. मागून खेमचा आवाज आला, अगदी हळू.

"लाव. मी कोणाला सांगणार नाही."

मी वळलो. पट्ट्यांमुळे त्याची बोटं निळी पडली होती, कान सुजून वांग्याएवढा.

"तुला दोन हात लागतात," तो म्हणाला. "बदक डाव्यानेही कापता येतं. वाकडं कापलं जाईल, पण गिऱ्हाईक काय, खातं."

"तू रविवारी मला खोटा पाडलास ते का?"

"मग काय करू? तुझा हात मोडला तर सुपिन मला जन्मभर कुटेल. लाव लवकर."

काचेवरून साबणाचं पाणी ओघळून खाली आलं. मी तुकडा खिशात कोंबला, सदऱ्याच्या बाहीने काच कोरडी केली, अगदी लख्ख, जाताना जरा जास्तच लख्ख, आणि निघालो. मागून खेमने मला ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहीत नाही. त्यांतल्या दोन तर मला नवीन होत्या.

गुरुवारी सगळी गल्ली तालमीत. वान माझ्या दुकानाकडे वळलं होतं. पुरतं, आठही पानांनी. आणि हातभर उजेड मिळाल्यामुळे नव्या पालवीवर टाचणीच्या डोक्याएवढे दोन लाल ठिपके आले होते. लोकांनी श्वास ओढला. वस्तादाने स्वतः खेमच्या पट्ट्या सोडल्या.

"बुनलू. हात."

मी उजवा हात तिवईवर, कुंडीशेजारी ठेवला. सुपिन दारात होती, बत्त्यासकट, चेहरा कुंडीसारखा. हिनने दोन पावलं मागे घेतली. त्याची नडगी मी तो पोर होता तेव्हापासून पाहत आलो होतो, पण आपल्याकडे येताना ती फार मोठी दिसते.

"वस्ताद," खेम मनगट चोळत म्हणाला. तिसेक वर्षांत पहिल्यांदा त्याने सवेंगला हाक मारली. "हाताची शिक्षा वानाने सांगितली की तू?"

"मी वानाचं तोंड आहे."

"मग तोंड सांभाळ," खेम म्हणाला, आणि जुन्याच जागी, जुन्याच मुठीने, त्याचं नाक फोडलं.

रक्ताची चिळकांडी वानावर उडाली. हिनची लाथ सुटलेलीच होती. सुपिनने त्याच क्षणी बत्ता फेकला, तो हिनच्या घोट्यावर बसला, लाथ फिरली आणि पहिल्या काचेतून आरपार गेली. मग जे झालं त्याला झुंज म्हणत नाहीत. शेवयांच्या दुकानाची सगळी गिऱ्हाइकं खेमकडून, सगळी तालीम वस्तादाकडून, आणि बाकीचे ज्याला जो सापडला त्याच्याकडून. कोपराने डोळे बंद झाले, गुडघ्यांनी पोटं रिकामी झाली. एकाने दुसऱ्याचा अंगठा चावला आणि सोडेचना, शेवटी दोघांना एकत्रच दवाखान्यात न्यावं लागलं. दुसरी काच एका डोक्याने गेली, तिसरी दोघांच्या पाठींनी, चौथीतून एक अख्खा पैलवान निघून गोदामाच्या दारावर आपटला. पाचवीतून खेम आणि वस्ताद एकमेकांच्या गळ्याला धरून गल्लीत पडले आणि पडल्यावरही मारत राहिले. मी लावलेली फिल्म मात्र पक्की होती. काचा फुटल्या तरी सांडल्या नाहीत, गोधडीसारख्या सबंध खाली आल्या. नाहीतर आठ-दहा जण कापून मेले असते. याबद्दल आजवर कोणी माझे आभार मानलेले नाहीत.

मारायला ताकद उरली नाही तेव्हा शांत झालं. दोघं गल्लीतून लंगडत परत आत आले. पाचही चौकटी उघड्या, चारचं ऊन थेट तिवईवर. वान रक्ताने माखलेलं, उन्हात चमकत होतं. वस्ताद त्याच्याखाली बसला, नाक डाव्या गालावर गेलेलं.

"रक्तच पाहिजे होतं त्याला," तो बोबडा बोलत म्हणाला. "माझं पाहिजे होतं."

"तीस वर्षं तेच सांगतोय," खेम म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसला.

मग तो उठून माझ्याकडे आला. माझा उजवा हात हातात घेतला, बोटं एकेक करून हलवून पाहिली.

"पाचही?"

"पाचही."

"बरं. मग हे माझ्या हंड्याबद्दल," तो म्हणाला, आणि त्याचं कोपर माझ्या जबड्यात गेलं. तीन दात, आणि हा खळगा.

जबडा तारेने बांधल्यामुळे सहा आठवडे मला बोलता येत नव्हतं. गावाला ते फार आवडलं. दहा-बारा दिवसांत वान सरळ उभं राहिलं, कोणाकडेच बोट न दाखवता. एक पान एकदम आलेल्या उन्हाने करपलं. वस्ताद म्हणाला, जुना राग जळाला. बाकीच्यांवर पुन्हा रक्ताचे शिंतोडे दिसू लागले. हिन पुढची झुंज जिंकला. त्याची बरगडी तोवर सांधली होती, पण ते माझं मत, आणि मला कोणी विचारलं नाही. वस्ताद आता रोज खेमकडे शेवया खातो आणि रोज म्हणतो की मीठ जास्त झालंय.

नव्या काचा आल्या तेव्हा फिल्म लावायला मलाच बोलावलं. मी ऐंशीची गुंडाळी दुकानातच ठेवली, चाळीसची नेली, आणि पाचही काचांना कडेपासून कडेपर्यंत लावली. नखभर फट नाही.

तरी वान थोडं वाकतंच, गल्लीकडे, सगळ्यांकडेच. वस्ताद म्हणतो, ते आता नमस्कार करतं. असेल. पण कधी ते जास्त माझ्या दुकानाकडे वाकतं, कधी जास्त बदकाकडे, आणि मला ते बघवत नाही. म्हणून दर गुरुवारी दुपारी, पैलवान घोरत असताना, मी काचा पुसायचं निमित्त करून आत जातो, आणि कुंडी हळूच पाव फिरवतो.